दार कोणी उघडायचं

मागच्या खोलीतल्या कपाटामागे टॉर्च धरून निल्झा वाकली आणि तशीच वाकून राहिली. भिंतीवरची काच तुटली होती.

साधी खिडकीची काच, बोटभर रुंदीची पट्टी. गेल्या वर्षी संत जुआंवच्या सणातल्या शेकोट्यांच्या दिवसांत तिच्या दिराने, झेनिल्दोने, ती भिंतीतल्या फटीवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली होती. झेनिल्दो गवंडी. "वहिनी," तो म्हणाला होता, "ही काच शाबूत आहे तोवर भिंत झोपलीय असं समज. काच तुटली की भिंत चालायला लागली. मग मला फोनबिन करत बसायचं नाही. आधी खोली रिकामी करायची." तेव्हापासून रोज सकाळी कॉफीचं पाणी ठेवण्याआधी निल्झा कपाटामागे डोकावायची, मनाशी "झोपलीय" म्हणायची आणि कामाला लागायची. आज काचेचा एक तुकडा प्लास्टरला लोंबत होता आणि दुसरा खाली धुळीत पडला होता.

"आई!" जिन्याखालून तिची लेक जुसारा ओरडली. "टॅक्सी आली! त्या बाई आल्या!"

निल्झाने खालचा तुकडा उचलून ॲप्रनच्या खिशात टाकला. कपाट खांद्याने रेटून परत भिंतीला लावलं. का लावलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. माणूस घाबरला की आधी झाकतो आणि मग विचार करतो.

आता या घराची गोष्ट एवढीच, की ते साल्वाडोरच्या वरच्या शहरात, उपसागराकडे उतरणाऱ्या कड्याच्या अगदी टोकाला उभं आहे. या गल्लीत राहायला कोणी फुकटसुद्धा तयार नव्हतं, त्या काळात निल्झाने ते घेतलं. तोवर अर्धं आयुष्य एका मोठ्या हॉटेलात दुसऱ्यांच्या चादरी बदलण्यात गेलं होतं. मग स्वतःच्या घरात तीन खोल्या सजवून तिने पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आता गल्लीला भाव आला. बाजूची घरं एकेक करून एका हॉटेलवाल्याने घेतली. राहिलं हे एक. जुसाराने दंतवैद्याकडची नोकरी सोडून घराची फोटोबिटोची कामं अंगावर घेतली, साऊँ पाउलोच्या एका मासिकाला पत्रावर पत्रं धाडली. ते मासिक दरवर्षी देशभरातली 'वेगळी घरं' निवडतं, आणि त्यात नाव आलं की वर्षभर खोली रिकामी राहत नाही. नाही आलं, तर घर हॉटेलवाल्याला द्यायचं, हे मायलेकींचं ठरलेलंच होतं. निवड करणारी बाई दोन दिवस राहायला येणार होती, ती आजच.

एलोईझा तिचं नाव. पन्नाशीची, किडकिडीत, केस कापलेले, बोलणं भरभर. दारातून आत येता येताच ती म्हणाली, "मला मागची खोली हवी हं. पाण्यावरची. फोटो बघूनच मी आलेय."

निल्झा लगबगीने पुढे झाली. "बाई, त्यापेक्षा पुढची घ्या ना. प्रशस्त आहे. मागच्या खोलीत... दमट वास येतो."

"आई!" जुसाराने डोळे वटारले. मग पाहुणीकडे वळून हसली. "काही वास नाही. आईला पाहुण्यांची फार काळजी."

"वास आला तर मी तोही लिहीन," एलोईझा म्हणाली आणि जिना चढून गेलीसुद्धा.

खोलीत शिरल्यावर तिने खिडकी सताड उघडली. खाली उपसागर, बेटाकडे निघालेली बोट, वर जूनचं काळंकुट्ट आभाळ. टेबलावरच्या टोपलीतलं एक संत्रं हात लागून खाली पडलं आणि गडगडत थेट कपाटाखाली गेलं. एलोईझा टाळी वाजवून हसली. "वा! जमीनसुद्धा उतरती! याला म्हणतात घराला स्वभाव असणं. नवीन हॉटेलात कुठलं संत्रं असं पळतं हो?"

निल्झा हसली नाही. ते संत्रं तिला कपाटाखालून दिसत होतं, आणि ते काढायला वाकायचीही तिची छाती होत नव्हती.

खाली येऊन ती सरळ समोरच्या क्रेउझाकडे गेली. क्रेउझा तिच्या दारात बसून संध्याकाळच्या वड्यांसाठी चवळी सोलत होती. या गल्लीत आल्यापासून निल्झाचं तिच्याशी रोजचं बोलणं. क्रेउझाने तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"काय गं? तोंड असं झालंय, जणू संत आंतोनियोने नवरा परत पाठवला."

"क्रेउझा, काच तुटली."

क्रेउझाचे हात थांबले. काचेची गोष्ट तिला ठाऊक होती. "मग सांग तिला. उठ म्हणावं."

"सांगू कशी? सांगितलं की घर गेलं. पोरीने नोकरी सोडलीय."

"आणि नाही सांगितलंस तर बाई जाईल! कड्याखाली!"

"म्हणूनच तर आले ना तुझ्याकडे! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती आपण होऊन निघून गेली तर बरं होईल गं. तिलाच नकोसं वाटलं, तर कोणाचा दोष नाही."

क्रेउझाने तिच्याकडे रोखून बघितलं. "मग जा, झाडू उलटा कर."

आमच्या या शहरात काम करून घ्यायचं असलं की काहीतरी उलटं करावं लागतं. नवरा हवा असेल तर संत आंतोनियोला पाण्यात डोकं खाली करून उभं करायचं, आणि नकोसा पाहुणा जात नसेल तर दांड्याचा झाडू दारामागे डोकं वर करून ठेवायचा. क्रेउझा चेष्टेने बोलली होती. निल्झा मात्र तडक घरी गेली आणि जन्मात पहिल्यांदाच स्वतःच्या पाहुणीसाठी झाडू उलटा केला. हॉटेलात असल्यापासून तिचा एकच नेम होता. पाहुणा कसाही असो, निघताना दार तिने स्वतः उघडायचं. पाहुण्याने स्वतःच्या हाताने कडी काढली की तो परत येत नाही, असं तिची आई म्हणायची. एकदा ताप अंगात असतानाही ती भिंतीला धरून खाली आली होती, एका म्हाताऱ्या जोडप्यासाठी. ते पुढच्या वर्षी परत आले. अशी माणसं परत यावीत म्हणून जगलेली ही बाई, आणि आज पाहुणी जावी म्हणून दारामागे झाडू.

जेवणाच्या वेळी एलोईझा खाली आली. मासा, भात, पाम तेलातली भाजी, दोनदा मागून घेतली. पाणी प्यायला उठली आणि दारामागे नजर गेली.

"अगंबाई! उलटा झाडू! माझी आजी ठेवायची असाच, माझ्या काकासाठी!" ती मोठमोठ्याने हसू लागली. "हलवू नका हं, फोटो काढते. हे असलं कुठल्या हॉटेलात बघायला मिळतंय? जुसारा, तुमची आई म्हणजे कमाल आहे. मी तर म्हणते, निवड झाल्यात जमा आहे."

जुसाराचे डोळे भरून आले. टेबलाखालून तिने आईचा हात गच्च दाबला. आणि निल्झाला वाटलं, आता जमिनीने आपल्यालाच गिळावं. जावी म्हणून केलं, तर ती आणखी रुतून बसली!

दुपारी पाऊस सुरू झाला. असा तसा नाही, कौलांवर दगड पडावेत तसा. एलोईझा वर जाऊन पडली. निल्झा जिन्यात बसून राहिली, कान वरच्या खोलीकडे लावून. आत पाहुणी शांत घोरत होती, आणि त्या घोरण्याच्या आड कुठेतरी बारीक वाळू सांडल्यासारखा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. निल्झाने मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेतली. मग लाज वाटली. संतांना कशाला हाक मारायची? दार तर आपल्याच हाताशी आहे.

जुसारा कॉफी घेऊन आली. "आई, इथे काय करतेस अंधारात?"

निल्झाने खिशातली काच काढून तिच्या तळहातावर ठेवली. जुसारा ती बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही.

"कधी?"

"सकाळी बघितली."

जुसारा आईशेजारी पायरीवर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "उद्याचाच दिवस आहे गं. परवा ती जाईल. मग लगेच झेनिल्दोकाकाला बोलावू. झाकली मूठ राहू दे ना, आई." बोलून झालं आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असलं काही निघून जातं. निल्झाला तिचा राग आला नाही. सकाळपासून तीही मनात हेच म्हणत होती, आणि लेकीच्या तोंडून ऐकल्यावर ते किती वाईट आहे ते तिला समजलं.

तेवढ्यात वरून हाक आली. "निल्झाबाई! जरा हात लावता का? हे कपाट बाजूला घेऊ. भिंतीचा फोटो काढायचाय मला!"

निल्झा जिना कशी चढली, तिचं तिला माहीत. एलोईझाने कपाटाला खांदा लावलेला होता, हसत होती, केस झोपेने विस्कटलेले.

"हात काढा," निल्झा म्हणाली.

"काय?"

"कपाटावरचा हात काढा, बाई. चपला घाला. बॅग राहू दे, जुसारा आणेल. आधी तुम्ही खाली चला." ती दारातून बाजूला झाली. "या भिंतीत फट आहे. काच लावली होती, ती तुटलीय. म्हणजे भिंत सरकतेय. तुम्ही इथे राहायचं नाही."

एलोईझाने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. पावसाआड तो वाळूचा आवाज आता तिलाही ऐकू आला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"आणि मला इथे झोपू दिलंत?"

"हो," निल्झा म्हणाली. "झोपू दिलं."

बोलावलेली टॅक्सी आली तेव्हा एलोईझा खाली दारापाशी उभी होती, अंगावर रेनकोट, हातात बॅग, तोंड पांढरंफटक. रागावलेली होती की घाबरलेली, तिलाच ठरवता येत नव्हतं. जुसारा घाईघाईने दार उघडायला पुढे झाली. निल्झाने तिचा हात धरला.

"थांब. त्यांना उघडू दे."

एलोईझाचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. उलट्या झाडूसारखंच हेही तिच्या आजीने शिकवलेलं असणार. तिने मान वळवली. "तुम्ही नाही उघडणार?"

"नाही, बाई. तुम्हीच उघडा. या घरी परत यायचं नाही."

एलोईझा तिच्याकडे बघत राहिली. तिने कडी काढली, दार ओढलं आणि पावसात उतरली. मागे न बघता टॅक्सीत बसली.

जुसारा रडायला लागली तेव्हा निल्झाने फोन उचलून नागरी संरक्षणवाल्यांना बोलावलं. नारिंगी जाकिटातला एक तरुण इंजिनिअर आला. त्याने कपाट ओढलं, फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. त्याने तो हळूच बाहेर काढला, पँटला पुसला आणि म्हणाला, "आजच निघा, मावशी. लागेल तेवढंच घ्या."

दोन पिशव्या भरल्या. संत आंतोनियोची मूर्ती, कपडे, कॉफी गाळायचं फडकं. क्रेउझा मदतीला आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही चेष्टा सुचत नव्हती. जुसारा पिशव्या घेऊन बाहेर गेली, मागून दार वाऱ्याने लागलं आणि कडी खटकन बसली.

निल्झा आत उभी राहिली. कडी तिच्या समोर होती. एवढ्या वर्षांत किती जणांसाठी ही कडी काढली, पण एक दिवस स्वतःच घर सोडून निघताना हिला हात लावावा लागेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता मात्र सकाळपेक्षा जास्त भीती वाटली. तिने हात ॲप्रनमध्ये गुंडाळून घेतला.

"अगं चल ना," क्रेउझा म्हणाली.

"तू उघड."

"काय?"

"तू आज या घरची. मी पाहुणी. उघड ना गं."

क्रेउझाला समजलं. ती पुढे झाली, दारामागचा झाडू तिने आधी सुलटा करून ठेवला. मग ओले हात घागऱ्याला पुसून कडी काढली आणि दार पूर्ण उघडून, भिंतीला टेकवून धरलं.

"ये हं परत," ती म्हणाली.

"येते," निल्झा म्हणाली आणि उंबरा ओलांडला.