दोन गोळ्या आणि बनुबाईचं दूध

आमच्या जामखेडात गोळीबार झाला, त्यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जखमी झाला तो एकटा कल्याण, आणि त्याला जखमी केलं मी. गावठी कट्ट्यानं नाही, मोबाईलनं.

मी मच्छिंद्र. 'दणका लाईव्ह' या यूट्यूब चॅनलचा संपादक, बातमीदार, कॅमेरामन आणि शिपाई. ऑफिस म्हणजे माझंच झेरॉक्सचं दुकान.

शुक्रवारी दुपारी बसस्टँडसमोर, बनुबाईच्या चहाच्या टपरीपाशी, अंगद नावाच्या एका दिवट्यानं गावठी कट्ट्यातून दोन गोळ्या झाडल्या. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला होता आणि शुभेच्छुकांत अंगदचा फोटो दुसऱ्या ओळीत टाकला होता. एक गोळी आभाळात गेली, दुसरी टपरीच्या पत्र्यातून आरपार. संध्याकाळच्या आत पोलिसांनी त्याला उचललं.

मला मात्र तेवढा दम कुठला! समोरच्या दुकानातून सीसीटीव्हीचं फुटेज मिळवलं. सव्वादोन मिनिटांचं होतं. त्यातले बारा सेकंद कापले, कट्ट्याभोवती लाल गोल काढला, मागे ढॅण ढॅण संगीत लावलं. आता आरोपीचा चेहरा पाहिजे, आणि फुटेजमध्ये दिसत होती नुसती त्याची पाठ. नाव पोलिसांकडून कळलं होतं. मग आम्ही सगळे चॅनलवाले करतो तेच केलं. चौकात गेलो आणि फ्लेक्सवरच्या चेहऱ्याचा फोटो काढला. आमच्या तालुक्यात जो माणूस कुठेच सापडत नाही तो फ्लेक्सवर सापडतो.

फ्लेक्सवर नाव फोटोच्या खाली असतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण फ्लेक्स छापणाऱ्या बिभीषणनं या वेळी नावं फोटोंच्या वर टाकली होती. त्यामुळे 'अंगद' या नावाखाली खरा अंगद होता आणि नावाच्या वर, पहिल्या ओळीत, कल्याण. मी वरचा उचलला. तासाभरात दोन लाख लोकांनी पाहिला.

हा कल्याण म्हणजे टपरीच्या मागे बसून पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा साधा माणूस. नेत्याच्या विहिरीवरची मोटार त्यानं चालू करून दिली, म्हणून त्याला न विचारताच शुभेच्छुक करून टाकलेलं.

शनिवारी सकाळी त्याची आई रंगुबाई माझ्या दुकानात आली. हातात चप्पल नव्हती, पण नजर तशीच होती.

"तूच का तो दणकेवाला?"

"व्हय मावशी. चूक झाली. बातमी काढून टाकतो."

"लोकांच्या मोबाईलमधनं कशी काढशील? उद्या साखरपुडा हाय माझ्या पोराचा. पोरीच्या आजोबाचा फोन आला, येऊ नका म्हून. अंगदनं दोन गोळ्या मारल्या, कुनाला लागल्या न्हाईत. तुजी बरोबर लागली." तिचा आवाज फुटला, पण तिनं तो लगेच सावरला. "ज्या तोंडानं बोंबललास त्याच तोंडानं त्यांच्या दारात येऊन सांगायचं. चल, गाडीत बस."

मला खरंच लाज वाटली. शटर ओढलं आणि बसलो.

गाडीत कल्याण शेजारीच होता. कर्जतचा रस्ता लागला. तसा तो हळूच म्हणाला, "फोटो मात्र बरा आल्ता माझा." रंगुबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

मुलीचं घर कर्जतच्या अलीकडच्या वाडीत. ओसरीवर आजोबा, रंगनाथ, भिंतीला टेकून बसलेले आणि भोवती सगळी भावकी. मी हात जोडून सगळं कबूल केलं. फ्लेक्स, बिभीषण, वरचा, खालचा. छातीवर हात ठेवून सांगितलं की हा पोरगा निर्दोष आहे.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "कालबी तुमी असंच छातीठोक सांगत हुता, पत्रकार."

पाच वर्षांची माझी पत्रकारिता त्या एका वाक्यात ओसरीवर आडवी पडली.

तेवढ्यात दारातून मुलगीच पुढे आली. धनश्री तिचं नाव. "मी तो व्हिडिओ चारदा बघितला," ती मला म्हणाली. "गोळी सुटते आन् तुमी बंद करता. पुढं काय झालं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, पुढं काय झालं हे मीही बघितलं नव्हतं. माझ्या कामाचे बारा सेकंद मिळाले, मी थांबलो होतो.

"तुमी हुता का तिथं?" तिनं कल्याणला सरळ विचारलं.

"हुतो की," तो खाली बघत म्हणाला. "पर तसं काय न्हाई. दूध हुतं."

"कसलं दूध?" आजोबा वैतागले.

सुदैवानं पूर्ण फुटेज माझ्या मोबाईलमध्ये होतं. घरातल्या टीव्हीला जोडलं, आणि सगळी वाडी दाटीवाटीनं बसली. गोळी सुटली. लोक पांगले. अंगद पळाला. चौक ओस पडला. टपरीत एकटी बनुबाई राहिली, गुडघ्यांनी अधू, खुर्चीला खिळलेली. आणि मागून चौकड्यांच्या शर्टातला कल्याण आला. त्यानं बनुबाईला खुर्चीसकट उचललं आणि पळत सुटला. बनुबाई चहा ढवळायच्या डावानं त्याला बडवत होती आणि टपरीकडे बोट दाखवत होती.

"का मारतीया ती?" कुणीतरी विचारलं.

"दूध उतू चाललं हुतं तिचं," कल्याण पुटपुटला.

टीव्हीवर तो पुन्हा आला. एकटा, वाकून, डोक्यावर लोखंडी पाटी धरून, ओस पडलेल्या चौकातून. गॅस बंद केला. पातेलं उतरवलं. त्यावर झाकण ठेवलं. मग पुन्हा पळाला.

टीव्हीसमोर असा हशा पिकला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. रंगुबाई हसता हसता डोळे पुसत होती. धनश्रीनं पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. माझाही जीव भांड्यात पडला.

रंगनाथ आजोबांनी ते झाकण ठेवलेलं पुन्हा एकदा दाखवायला लावलं. मग म्हणाले, "गोळ्या सुटल्या तरी दुसऱ्याच्या चुलीवरलं दूध ज्यानं उतू जाऊ दिलं न्हाई, त्याच्या घरी पोरगी देताना इचार कसला करायचा? उद्या या."

रविवारी साखरपुडा दणक्यात झाला. बनुबाईला खुर्चीसकट आणलं. तिनं पाहुण्यांचा चहा स्वतः केला आणि दुधापाशी कल्याणलाच उभं केलं.

पूर्ण सव्वादोन मिनिटं मी चॅनलवर टाकली, चुकीच्या कबुलीसकट. पहिल्या बातमीला दोन लाख लोक आले होते, या बातमीला चारशे अकरा. त्यातही निम्म्या वेळा रंगुबाईच असावी. पण तेव्हापासून मी कुठलंही फुटेज शेवटपर्यंत बघतो.

लग्नाचा फ्लेक्स बिभीषणनंच केला. या वेळी नावं फोटोंच्या खाली होती. शुभेच्छुकांत माझाही फोटो टाकला होता, बनुबाईच्या खाली, दुसऱ्या ओळीत. मी चकार शब्द काढला नाही.