मानेवरचा मळ

"माझी मुलगी चोरून गोड खाते, असं तुम्ही तिच्या केसपेपरवर लिहिलंत. तुम्ही तिला खाताना पाहिलंत?"

दवाखान्याला द्यायच्या अर्जाचा कच्चा खर्डा हेमलताने मराठीतच लिहायला घेतला. हिंदीत तिला एवढं चिडता येत नसे.

सोळा वर्षांची अलकनंदा अंगाने काडी, पण रक्तातली साखर चारशे. इन्सुलिन वाढवत नेलं तरी चारशेच. शेवटी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी शेरा मारला, 'सुई घेत नाही, चोरून खाते', आणि वाढीव इन्सुलिन तोडलं. वर बोलायची कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टर सुहासिनींनी मात्र आधी पोरीची मान पाहिली. काळी, जाडसर, हाताला मखमलीसारखी. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, जनुकंसुद्धा. रिपोर्ट आज आला होता.

"आई, ऐक ना." दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अलकनंदा दिवाणावर मांडी ठोकून बसली होती. "माझ्या अंगात इन्सुलिन कमी नाहीच आहे. बिल्कुल उलटं, ढीगभर आहे. पेशीच्या दारावरची बेलच जन्मापासून बिघडलेली. इन्सुलिन बेल दाबतं, आत धड वाजतच नाही. दार उघडत नाही, साखर बाहेर ताटकळते. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. खूपदा दाबली तर कधीमधी वाजते, म्हणून सुईतूनही मला भरपूर लागतं."

"आपल्या क्वार्टरच्या बेलसारखं."

"तिची निदान कम्प्लेंट तरी लिहून घेतली, यार." ती पुन्हा रिपोर्टात शिरली. "आणि सुहासिनी मॅडम म्हणाल्या, मान काळी होते ती ह्या जादा इन्सुलिननेच. मळ नाहीये तो."

हेमलताचं पेन थांबलं. दोन वर्षं दर रविवारी तिने बेसन-दही लावून ती मान खसाखसा घासली होती. एकदा तर रक्त आलं होतं. गणपतीत मोदकांचा डबा कपाटात घालून तिने किल्ली कमरेला लावली होती.

अलकनंदाने मान वर केली. "पहिली ओळ परत वाच ना. तू पाहिलं होतंस मला खाताना?"

हेमलताने वाचली नाही. खाली नवी ओळ घातली: 'मीही तिला चोर समजले. तिची माफी मागितली.'

"कधी मागितलीस?"

हेमलताने पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं, अलू."

"अच्छा. आता लिही पुढे."

तिने लिहिलं: 'माझं मी कबूल केलं. तुम्ही तो शेरा कधी खोडता आणि तिचं वाढीव इन्सुलिन परत कधी सुरू करता? तोंडी नको, लेखी उत्तर द्या.'