वाकडी ग्रिप

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी घरात एकच उद्योग मांडला. गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि पटरने, म्हणजे गोल्फचा चेंडू अलगद भोकात घालायच्या काठीने, त्यात चेंडू ढकलायचा. चेंडू काही पेल्यात जाईना. दर वेळी डावीकडून निसटून थेट माझ्या पायाशी. "पटर हलका आहे," म्हणाले. मग मित्राचा जड आणून पाहिला. मग जाड ग्रिपचा, म्हणजे मुठीवरच्या रबराचा, मग बारीक ग्रिपचा. चेंडू आपला डावीकडेच. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

एरवी हसले असते. या वेळी म्हणाले, "रविवारी व्याह्यांबरोबर शेवटचं खेळतो. मग सगळं विकून टाकू."

गोल्फ सुटलं तर हा माणूस दिवसभर माझ्या डब्यांची मांडामांड करील, ही भीती होतीच. पण खरं सांगते, त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

आमची लेक गोल्फच्या दुकानात ग्रिप बसवायचं काम करते. निवृत्तीला नवा पटर तिनेच दिला होता. मी ह्यांना त्या पटरसकट तिच्याकडे ओढत नेलं आणि माळ्यावरचा जुना पटरही बरोबर घेतला.

"तो कशाला? त्याचं रबर झडलंय," ह्यांची कुरकुर.

लेकीने तो टेबलाला अडकवला, पट्टी लावली आणि हसतच सुटली. "बाबा, ही ग्रिप कोणी बसवली?"

"मीच. आपल्या ओट्यावर."

"अहो, वाकडी आहे! अंगठे ठेवायची सपाट बाजू डावीकडे फिरलीये. इतकी वर्षं तुम्ही मनगट वळवून चेंडू सरळ घालत होतात. आता पटर सरळ मिळाला, पण मनगट ऐकतंय कुठे?"

"तुझ्या आईने काठी नीट धरली नव्हती," हे लगेच म्हणाले.

"मग जुन्यालाच नवं रबर का नाही लावून घेतलंत?"

"आणि तू दिलेला कोपऱ्यात ठेवू?"

लेकीचे डोळे भरून आले. तिने आपण दिलेल्या पटरची ग्रिप कापून काढली आणि नवी बसवायला घेतली. दुकानाचे मालक पाठीमागून ओरडले, "अगं, वाकडी बसतेय!"

"वाकडीच हवीये," ती म्हणाली.

रविवारी बरोबरी शेवटच्या होलपर्यंत आली. व्याह्यांचा चेंडू काठाशी थांबला. ह्यांनी मान खाली घातली, हात हलवले. चेंडू सरळ गेला, क्षणभर कडेवर रेंगाळला आणि टपकन आत पडला. मी टाळ्या वाजवत चक्क उड्या मारल्या, या वयात.

व्याही हात मिळवत म्हणाले, "वा! पण सेट विकताय ना? मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"विकतोय? कोण म्हणालं?"

"तुम्हीच की! काय विहीणबाई, खरं ना?"

"छे हो," मी म्हटलं, "माझ्या तरी कानावर नाही आलं."