नळ चालू असताना

गारखेड्याच्या सारजाबाईंच्या घरातली माणसं सगळी मिळून कधी कुठं गेलीच नाहीत. लग्नाला जायचं तरी निम्मी आज, निम्मी उद्या. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही, आणि पाण्याच्या दिवशी घरी माणूस लागतंच. वाळूजच्या कंपनीतला मुलगा सुदर्शन मित्रांबरोबर फिरून आला, सून मंजुषा माहेरी राहून आली, नातीची सहल झाली. पाणी भरायला सारजाबाई होत्याच. साठी उलटल्यावर एका दुपारी त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "आता माझा नंबर. मला समुद्रात हुबं राहायचंय. गुडघ्यापर्यंत."

"एकट्या जाल?" मंजुषानं विचारलं.

"मग? तू आलीस तर पाणी कोण भरणार?"

म्हणून सारजाबाई एकट्याच दोन दिवसांसाठी कोकणात गेल्या. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथले लोक अजून धुसफुसतात.

रेवती खोत नावाची बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. समुद्र नारळीच्या बागेमागंच होता, त्याचा आवाज अंगणात यायचा. सारजाबाई तिथंच उतरल्या. त्या पोचल्या तशी रेवती बाजारात गेली. सारजाबाईंनी पाय धुवायला न्हाणीतला नळ सोडला आणि पाणी आलं. धो धो. भर दुपारी, काही कारण नसताना.

आता तुम्हीच सांगा, गारखेड्याचं माणूस वाहता नळ सोडून समुद्र बघायला जाईल का? "एवढी बादली भरते अन् जाते," असं त्या स्वतःला म्हणाल्या. बादली भरली, टमरेल भरलं, पाणी काही जाईना. इतका वेळ आलेलं पाणी आता महिनाभर तोंड दाखवणार नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव. मग स्वयंपाकघरातली पातेली, तांब्याचा हंडा, मासे ठेवायची थर्माकोलची खोकी, पाहुण्यांचा थर्मास. तिन्हीसांजेला रेवती परतली तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा चहाचा कपसुद्धा काठोकाठ भरून वर बशी झाकलेली.

"अहो मावशी, हे काय केलंत?"

"व्हय माय, लई दमले," सारजाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, कौतुकच चाललंय. "तू घरी नव्हतीस ना. समदं भरून घेतलं. तेवढा गोडेतेलाचा डबा राहिला, त्यात तेल हाय."

रेवतीनं कपाळाला हात लावला. पण कुंपणापलीकडून शेजारचे तात्या सगळं बघत होते. एवढी पोक्त बाई इतक्या घाईनं पाणी भरते, म्हणजे हिला पाणी बंद होणार अशी आतली बातमी असणार! त्यांनी गुपचूप आपली पिंपं भरायला घेतली. ते बघून पलीकडच्यांनी भरली, आणि त्यांचं बघून सगळ्या गावानं. भांडी संपली तेव्हा लोकांनी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या गोड्या पाण्यानं भरल्या, वर ताडपत्र्या बांधल्या. सकाळी गावाची टाकी कोरडी ठणठणीत पडली. नळ खोकले आणि गप्प झाले.

सारजाबाई समुद्राला निघाल्या तर अंगणात ही गर्दी. "मावशींना कालच कळलं होतं!" तात्या सगळ्यांना सांगत होते. "मावशी, आता पाणी कधी येणार?"

खरं सांगायचं तर सारजाबाई सुखावल्या. घरी त्यांना एवढ्या आदरानं कुणी काही विचारत नसे. त्यांनी पदर खोचला. पिण्याचं पाणी वर ठेवा, शिळं झाडांना घाला, हंड्यांची रांग सावलीत लावा. कळशीवरून दोघी जावा एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या, त्यांना वेगळं केलं. होडीतल्या पाण्यानं कुणी आंघोळ करायची नाही, असा हुकूम सोडला. जेवणवेळेपर्यंत तात्यांनी ग्रामपंचायतीतून टाकीच्या व्हॉल्वची भली मोठी लोखंडी चावी आणून त्यांच्याच हाती दिली. समुद्र मागं गरजत होता, आणि संध्याकाळी परतीची एसटी होती.

दुपार कलताना टाकी पुन्हा भरली. सारजाबाईंनी व्हॉल्व फिरवला आणि सगळं गाव आपापल्या नळाकडं धावलं. त्याही न्हाणीत बादली लावून बसल्या. पाणी चढत होतं, त्या बघत होत्या. आणि त्यांना एकाएकी राग आला. पाण्याचा नाही, लोकांचा नाही, स्वतःचाच. एवढा लांबचा प्रवास करून यायचं आणि इथंही बादलीच राखायची?

त्या उठल्या. नळ बंद केला नाही. नारळीच्या बागेतून चालत सुटल्या.

"मावशी, बादली वाहतेय!" मागून रेवती ओरडली.

सारजाबाईंचा पाय जागच्या जागी थबकला. आयुष्यात त्यांनी बादली वाहू दिली नव्हती.

"वाहू दे!" त्या ओरडल्या. आवाज फाटला, पण त्या पुन्हा चालू लागल्या.

वाळू ऊन होती. पहिली लाट घोट्याला लागली, दुसरीनं लुगडं भिजवलं. गुडघाभर पाण्यात त्या उभ्या राहिल्या. एवढं पाणी, आणि यातलं काहीच भरून ठेवायचं नव्हतं. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं.

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. रेवती धापा टाकत काठावर आली. "मावशी, एसटी गेली की हो! आता उद्या! आणि तोवर तुमच्या घरी पाणी आलं तर?"

सारजाबाईंनी वळून पाहिलं नाही. आणखी एक पाऊल पुढं टाकलं.

"त्या घरात माझ्याबिगर पण माणसं हायेत," त्या म्हणाल्या.