जवायानं खाल्लेला रोट

आमची गायत्री मस्कतहून परत आली ती अकरा बॅगा आणि बारावा नवरा घेऊन. बॅगांना निदान खाली चाकं होती, ढकलल्या की सरकत होत्या.

जवायाचं नाव ललित. तिकडं कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या कोठीवर साहेब होता. हॉटेल दुसऱ्यानं घेतलं आणि ह्याला घरी पाठवलं. इंदूरला त्याच्या भावाचं घर आहे. भावानं दार उघडलं, चहा पाजला आणि दार परत लावून घेतलं. मग आली वरात आमच्या राजपुऱ्यात. मी म्हटलं, लेकीचं माहेर आहे, राहतील आठ-पंधरा दिवस. चैत्रात आले होते, आता श्रावण लागला. गणपतीसुद्धा दहा दिवसांत उठतो, पण हे दैवत उठायचं नाव घेईना.

आणि जवायाला बोलायची आमच्यात सोय नाही. त्याला आधी वाढायचं, गरम वाढायचं, जेवण झालं की त्याचं ताट बायांनी उचलायचं. ह्या घरात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही, नवरा होता तेव्हा त्याचंसुद्धा नाही. आता ह्या माणसाला "जवाईबापू, आणखी घ्या ना" म्हणायचं म्हणजे दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

तो दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीत बसे. एसीचा रिमोट खिशात. तोंड उघडलं की "आमच्याकडं मस्कतला". भाजीत तेल फार, इथलं पाणी जड, इथल्या गल्लीत धूळ. अरे बाबा, मग धूळ नसलेल्या गावानं तुला काढलं कशाला? एके दिवशी त्यानं फ्रीज उघडून डब्याडब्यावर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा.

"हे काय, जवाईबापू?"

"आई, एक्सपायरी कळायला पाहिजे."

"मग माझ्या पण कपाळावर लावा एक."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते.

माझी सून रश्मी हसली नाही. "रश्मी, कॉफी." "रश्मी, टॉवेल." "रश्मी, पोळी जरा पातळ लाटत जा, तिकडं आमचा शेफ..." ती दिवसभर भट्टीवरच्या कढईसारखी तापलेली. गायत्री माहेरवाशीण, तिला कोण काम सांगणार? ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसे, आणि तिची पोरगी हिमानी मोबाइलकडं.

आमच्या कुळाच्या कानबाईदेवीचा सण आठ दिवसांवर आला तेव्हा रश्मीनं मला स्वैपाकघरात गाठलं. कणीक मळता मळताच बोलली, वर न बघता.

"आई, कानबाई उठली की एक तर ते जातील, नाही तर आम्ही जाऊ. इथंच गावात, लालबागला खोली बघितली आहे."

"रितेशला विचारलंस?"

"त्यानंच बघितली."

माझा पोरगा! सकाळी उठून केळीच्या बागेत जाणारा, घरात पाहुण्यासारखा बोलणारा रितेश. त्यानं खोली बघितली आणि आईला कळू दिलं नाही. मला राग आला तो त्याचाच. पण राग जवायावर निघायला पाहिजे होता, म्हणून मी गायत्रीला गच्चीवर बोलावलं.

"तुझ्या नवऱ्याला सांग, काम बघ, भाड्याचं घर बघ. नाही तर मी सांगते."

"माय, तू त्यांना एक शब्द बोललीस ना, तर ते त्याच घडीला उठतील. फार मानी आहेत."

"मान कशाचा वं? रिमोटचा?"

"ते उठले की मला उठावं लागेल. इंदूरला जाऊ. मागच्या खोलीत राहीन, जाऊबाईची भांडी घाशीन. पण मग ह्या उंबऱ्यावर परत पाय ठेवणार नाही. तू मेलीस तरी नाही."

"मी इतक्यात मरत नाही," मी म्हटलं आणि खाली आले. लेक ठेवायची की सून-पोरगा ठेवायचा, एवढंच आता माझ्या हातात राहिलं होतं.

आमच्याकडं नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात कानबाई बसते. आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, भाऊबंदांच्या गव्हाबरोबर दळायचा आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. त्यांनाच आम्ही रोट म्हणतो. रोट खायचे ते कुळातल्यांनीच. सून खाते, पण लग्न झालेली लेक खात नाही, ती दुसऱ्याच्या कुळात गेली. जवायाचा तर सवालच नाही. उरलेले रोट पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. परक्याच्या तोंडी तुकडा जाऊ द्यायचा नाही, ताट धुतलेलं पाणीसुद्धा अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

शनिवारी मी सुपात गहू घेऊन बसले तर खुर्चीतून आवाज आला.

"आई, माझी मूठ?"

"तुमची मूठ तुमच्या कुळात, जवाईबापू. तुमच्यासाठी वेगळा स्वैपाक होईल."

"म्हणजे सासुरवाडीत आम्ही परके? मस्कतला तर उंटालासुद्धा आधी खायला घालतात."

"उंट काम करतो," रश्मी पिठाच्या डब्यात तोंड घालून बोलली. ऐकायला सगळ्यांनाच आलं. जवायानं एसी आणखी थंड केला.

रविवारी कानबाई बसली. रोट, तांदळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आमच्यासाठी. वरण, भात, साध्या पोळ्या लेक-जवायासाठी. दोन्ही चुली रश्मीच्या माथी. रात्री तिनं भांडी अशी आपटली की कानबाईलाही झोप लागली नसेल.

सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन, ढोल वाजवत आम्ही तापीवर निघालो. बरोबर माझी थोरली चुलत जाऊ सोजरबाई. ही भाऊबंदकीची हवालदार. कुणाच्या नारळाला किती कुंकू लागलं ते तिला पाठ. गायत्री आणि हिमानीही आल्या. जवाईबापू झोपलेले होते.

"त्यांचं जेवण?" निघताना मी रश्मीला विचारलं.

"डब्यात आहे."

कानबाईला तापीत बुडी देऊन आम्ही परत आलो तर हा खुर्चीत बसलेला, मांडीवर ताट, ताटात तुपात भिजलेला रोट. बाजूला रोटाची टोपली उघडी.

सोजरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय माय माय! परक्यानं रोट खाल्ला! मालू, तुझ्या घरात कानबाई बाटली!"

जवाई दचकला, पण हातातला घास काही खाली ठेवला नाही. "काय झालं? पोळी तर आहे."

"पोळी नाही, रोट आहे तो! रोट!"

"मग मी काय करणार? उठलो, भूक लागली, डबा उघडला तर रिकामा. टोपलीत हे होतं. बाकी चांगलं आहे, फक्त गोड जरा कमी पाहिजे."

मी ओट्याकडं गेले. डबा उघडून बघितला. धुतलेला, पुसलेला, कोरडा. रश्मीकडं बघितलं तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरात पुनव शोधत होती. आपल्या सुनेचं काम बघून मला राग यायला पाहिजे होता. तो आलाही. पण कुठंतरी वाटलं, पोरगी माझ्याच हाताखाली शिकली.

बाहेर सोजरबाई सुटली होती. "सगळे रोट खड्ड्यात पुरावे लागतील. भाऊबंदांना बोलवावं लागेल. पुढच्या वर्षी तुझ्या घरच्या मुठी आमच्या पिठात नको."

"जिजाजी," रितेशनं पहिल्यांदा तोंड उघडलं, "तुमच्यापुढंच तर सांगितलं होतं ना?"

बस, एवढंच निमित्त पाहिजे होतं. जवाई ताट घेऊनच उठला. "एका पोळीवरून? मस्कतला माझ्या हाताखाली अख्खं हॉटेल जेवायचं! आणि इथं मला उपाशी ठेवायचं, वर चोर म्हणायचं? गायत्री, बॅगा भर. आत्ताच्या आत्ता."

गायत्रीनं माझ्याकडं बघितलं. रडली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. ती रडली नाही. पदर खोचून जिन्याकडं वळली. म्हणजे खरंच भरणार होती. आणि भरल्या असत्या तर मेल्यावरसुद्धा ती मला दिसली नसती. माझीच पोरगी ती, बोलली की बोलली.

"थांब गं," मी म्हटलं. "सोजरबाई, परक्यानं खाल्ला म्हणता? कोण परका?"

"हा. तुझा जवाई."

"कानबाईला राग आला असता तर घास ह्याच्या घशात अडकला असता. अडकला का? उलट म्हणतो, गोड कमी पाहिजे. देवीनं खाऊ दिला, म्हणजे देवीनं ह्याला कुळात घेतला. तुम्ही देवीपेक्षा मोठ्या का?"

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?"

"तुम्ही कुठलं शास्त्र वाचलं? तुम्ही पण अंगठाच लावता."

मी जवायाकडं वळले.

"ए ललित."

हिमानीनंसुद्धा मोबाइलमधून मान वर काढली.

"आई, तुम्ही मला अरे-तुरे..."

"रोट जवाई खात नाही, पोरगा खातो. तू खाल्लास. पोराला कोण अहो-जाहो करतं? ह्या रितेशला मी कधी बापू म्हटलं का? ते ताट मोरीत ने आणि घास. धुतलेलं पाणी अंगणातल्या खड्ड्यात ओत, नालीत जायला नको. खिशातला रिमोट काढून फ्रीजवर ठेव. उद्या सकाळी रितेशबरोबर बागेत जायचं. केळी कापायला आली आहे, गाडी भरायला माणूस नाही."

तो लाल झाला. "मी ह्या घरात एक मिनिट थांबणार नाही. गायत्री, चल!"

"जा," मी म्हटलं. "पण ऐकून जा. जवाई रुसून गेला तर बायको घेऊन जातो, तो त्याचा हक्क. पोरगा रुसून गेला तर एकटा जातो. सून माझ्या घरात राहते, नात माझ्या घरात राहते. आणि हे फक्त तुलाच लागू नाही. लालबागला खोली बघणाऱ्यालापण लागू आहे."

रितेशनं मान खाली घातली. रश्मीला कॅलेंडरात पुनव सापडली, ती पटकन इकडं वळली. तिच्याकडं बघून मी म्हटलं, "तुझं-माझं नंतर."

मग टोपलीतला एक रोट काढून गायत्रीपुढं धरला. "तुझं माहेरपण आजपासून संपलं. सुनेनं रोट खायचा असतो. खाल्लास तर उद्यापासून सकाळचा स्वैपाक तुझा, संध्याकाळचा रश्मीचा, आणि ताटं ज्याची त्यानं धुवायची. जमत नसेल तर ठेव टोपलीत आणि भर बॅगा. मी अडवणार नाही."

"गायत्री, हात लावू नको," ललित म्हणाला.

तिनं हात लावला नाही. उभी राहिली. माझा हात भरून आला, रोटातलं तूप मनगटावर उतरलं. माझी लेक तशीच उभी, आणि मला वाटलं, गेली. ही आता गेली.

मग तिनं तुकडा मोडला. तोंडात टाकला. सावकाश चावला. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "गोड बरोबर आहे."

"मम्मी, मला पण," हिमानी म्हणाली. तिनं सरळ अर्धा रोटच तोडला.

सोजरबाई चपला शोधायला लागली. "भाऊबंदांपुढं तूच उत्तर दे बाई. मी काही बघितलं नाही."

"सगळं बघितलं तुम्ही. आणि पुढच्या वर्षी आमच्या घरची एक मूठ जास्त धरा."

ती तणतणत गेली. उद्यापर्यंत अख्ख्या राजपुऱ्याला कळेल. कळू दे.

ललित ताट घेऊन दाराकडं बघत उभा होता. दार उघडंच होतं, कुणी मध्ये नव्हतं. गायत्री दुसरा घास मोडत होती. तिनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. त्यानं रिमोट खिशातून काढला, फ्रीजवर आपटला आणि मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं आपटल्याचा आला.

"साबण कुठं आहे?" आतून ओरडला.

रश्मी सवयीनं उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"शोध," मी म्हटलं.