पुठ्ठ्याचा डावा पाय

मी एक जुना पाय आहे. हसू नका मित्रांनो! दुधाच्या पावडरीच्या खोक्यातून कापलेला, सहा वर्षांच्या मुलीचा डावा पाय. माझ्या टाचेवर अजून खोक्यावरच्या गाईचे एक शिंग दिसते.

माझा जन्म फिलिपिन्समध्ये, इलोइलोजवळच्या एका गावात झाला. मर्लिंडा हाँगकाँगला घरकामासाठी निघाली होती. निघायच्या सकाळी तिने आपल्या लेकीला, जेनलिनला, पुठ्ठ्यावर उभे केले आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली. पोर गुदगुल्यांनी हसू लागली.

"हलू नकोस गं! नाहीतर बदकाच्या मापाचा जोडा येईल," मर्लिंडा म्हणाली आणि लेकीला आपल्या आईकडे सोपवून, मला प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून विमानात बसली.

हाँगकाँगमध्ये दर रविवारी तिच्यासारख्या बायका पुलाखाली पुठ्ठे पसरून जेवत, एकमेकींचे केस विंचरत. माझे भाऊबंद त्यांच्याखाली चेपले जात आणि मी ऐटीत बुटांच्या दुकानात हिंडत असे. मर्लिंडा मला जोड्यात सरकवून पाही. "वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी वाढ धरायची," असे ती म्हणे. रुंदी मात्र धरत नसे.

मग तो जोडा घरी पाठवायच्या खोक्यात तळाशी जाई. त्यावर साबण, टॉवेल, चॉकलेटे, डबाबंद मांस असे करत खोके भरायला वर्ष लागे. अर्धे खोके पाठवले तर गावात नाक कापले जाईल, असे तिला वाटे. पुढे दोन महिने बोटीचे. जेनलिनचा पाय तोवर थांबणार होता थोडाच? पण मी पुठ्ठा. वाढणे म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक!

सुट्टी आली की गावाऐवजी नवे काम येई. तसे आम्ही सिंगापूरला गेलो. तिथे चौदाव्या मजल्यावर दाराबाहेर मालकांच्या मुलांचे बूट असत. मर्लिंडा ते रोज पुसे. त्या मुलांचे पाय वाढले की मालकिणीच्या आधी तिला कळे. लेकीचा चेहरा तिला फोनवर दिसत होता, पण पाय दिसत नव्हते.

मग तैपेईत ती एका आजोबांना सांभाळू लागली. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत आली की पिशव्या घेऊन गल्लीतल्या साऱ्या मोलकरणी जमत. तेवढीच दहा मिनिटे आपल्या भाषेत बोलायला मिळत. तिथे तिच्या मैत्रिणीने, नेनिताने, मला पाहिले.

"अगं बाई, पोरगी पंधराची झाली आणि अजून हाच पुठ्ठा? नवं माप मागव की!"

"कशाला? आई सांगते ना, जोडे अगदी बेतल्यासारखे बसतात."

मला हायसे वाटले. नवे माप आले असते तर मी कचऱ्यात गेलो असतो ना! त्या हायसे वाटण्याची मला आजही लाज वाटते.

त्याच वर्षी आम्ही घरी आलो. काचेच्या कपाटात नऊ जोडे ओळीने मांडलेले होते. आतले कागदाचे बोळेही काढलेले नव्हते. जेनलिन आईपेक्षा उंच झाली होती आणि तिच्या पायात रबरी चपला होत्या.

मर्लिंडाची म्हातारी आई हात पुसत उभी राहिली. "पहिल्याच जोड्यात टाच शिरेना. तू तिकडे लोकांचं उष्टं काढून पाठवतेस, तुला कोणत्या तोंडाने सांगू? शेजारी देऊ म्हटलं, तर ही देऊ देईना."

मर्लिंडाने मला लेकीच्या पायाशेजारी ठेवले. मी अंगठ्याच्या मुळापर्यंतही पोचलो नाही. तिने घाईघाईने एका खोक्याचे झाकण फाडले. "ये, उभी राहा."

"काढ माप," जेनलिन हळूच म्हणाली. "हे माप चुकायचं नाही, आई. माझा पाय आता वाढायचा थांबलाय."

ती पुठ्ठ्यावर उभी राहिली. पेन्सिल फिरली, पण या वेळी ती हसली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे माझ्यासारखे सगळे सांगतात. मी उलटे सांगतो. तुमचे माणूस दूर असेल तर माझ्यासारखे जुने माप फेकून द्या आणि पुन्हा पुन्हा विचारा. आणि कोणी विचारले तर, बसत नाही, टोचते, असे खरे सांगा.

मर्लिंडाने मला काही फेकले नाही. आता मी कपाटात, पहिल्या जोड्यात राहतो. त्यात मी अगदी बेतल्यासारखा बसतो.