खळ्याला वळसा घालून आलेली तार

चांगुणाबाईनं पट्टा हातानं ओढून पाहिला, तरी चक्की फिरेना. मोटार नुसती घुमत राहिली आणि जळका वास सुटला. तिनं खटका पाडला. "वायरमनला बोलवा. आत्ता!"

मोठा दुष्काळ सरल्यावर टेंभुर्णीच्या आमच्या बौद्धवाड्यात आलेली ही पहिली चक्की. गावातल्या चक्कीवर आमचं दळण सगळ्यांच्या मागून, तेही टोपलं ओट्याखाली ठेवून. म्हणून चांगुणाबाईनं जालन्याहून ही जुनी चक्की आणली. मोटार जळली, की आम्ही बाया पुन्हा त्याच ओट्याखाली.

वसंता वायरमन आला. त्यानं मोटार राहू दिली आणि वर तारेकडं पाहिलं.

"मावशे, मोटार बराबर हाय. तार लई लांबून आली. तीबी बारीक, तुकडे पिळून जोडलेली. तार जितकी लांब नि बारीक, तितकी ती विजेला अडवती. वीज वाटंतच तार तापवीत बसती. मोटारीला काय उरणार?"

"लांबून कामून? खांब तर गावातल्या त्या रखमाजीच्या खळ्यापाशी हाय, हाकेवर."

वसंता चपलेनं माती उकरू लागला. "रखमाजी म्हणले, तुमची तार खळ्यावरून न्हाई न्यायची, रास बाटती. मंग नाल्याकडून फिरवली. जाड तार तेवढी पुरंना."

"त्याच्या घरातला दिवाबी त्याच खांबावरचा," माझ्याशेजारी दळण घेऊन उभी असलेली शिवकन्या म्हणाली. "तो कसा बाटंना?"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. चांगुणाबाईनं पहार उचलली आणि निघाली. खळ्याच्या कडेनं गावाची वाट जाते, तिथं तिनं खणायला सुरुवात केली. शिवकन्या आणि मी घमेल्यानं माती काढू लागलो.

रखमाजी धावत आला. "ए चांगुणे, कुणाला इचारून?"

"वाट गावाची हाय. मधी एक खांब रोवला की तार सरळ जाती."

"पोलिसात देईन!"

"जाफ्राबादेच्या ठाण्यात जाऊन या जल्दी. तवर खड्डा व्हईल."

त्यानं खड्ड्याच्या काठावर पाय रोवला. तिची पहार थांबली नाही. "पाय काढा, दादा. मला राग आवरून राह्यला न्हाई."

पहार पुन्हा वर गेली, तेव्हा त्यानं पाय काढला.

वसंता सायकल धरून उभाच होता. "मावशे, वीज मंडळाच्या सायबाला काय सांगू?"

खड्डा गुडघ्याएवढा झाला होता. चांगुणाबाई त्यात उतरून उभी राहिली.

"सांग, बाई खड्ड्यात उभी हाय. खांब आण, आन् तार जाड आण. एक सलग. तवर मी निघत न्हाई."